सवतीचा दगड

मुकद्देर हानम आमच्या अंगणात आल्या तेव्हा मी तंदूरमधली राख काढत होते. हवेलीची मालकीण स्वतः चालत आपल्या घरी येते, म्हणजे काहीतरी अडलंय, हे कळायला फार शहाणपण लागत नाही. उभ्या जन्मात त्या कधी आमच्या दारात आल्या नव्हत्या. मी हात धुतले, स्टूल पुढे केलं, चहा ठेवला. त्या बसल्या त्या नेमक्या भिंतीकडे तोंड करून. तिथे लोकरीच्या जाड नमद्यात गुंडाळलेला, दोरीनं करकचून बांधलेला दगड उभा होता.

साखरेचा खडा दातात धरून त्यांनी सावकाश चहा घेतला. यंदा बर्फ उशिरा वितळलं म्हणाल्या, मासे ओढ्यात चढायला लागले म्हणाल्या, माझ्या हातच्या रानपाल्याच्या चीजची तारीफ केली. दगडाबद्दल अवाक्षर नाही. शेवटी माझ्याच्यानं राहवेना.

“हानम, तुम्ही कशाला आलात ते मला ठाऊक आहे. तो दगड मी द्यायची नाही.”

“मी मागितला का गं?”

“मघापासून डोळ्यांनी मागताय की.”

त्यांनी ग्लासावर चमचा आडवा ठेवला, म्हणजे आणखी चहा नको. “मेलेल्या माणसाच्या कबरीचा, उशाचा दगड कोणत्या तोंडानं मागू, हनीफे? बघावासा वाटला, आले. बघितला, चालले.” आणि काठी टेकत खरंच निघून गेल्या.

त्या गेल्यावर मला रडू फुटलं, आणि संतापही आला. नवरा तर त्या हवेलीनं आधीच नेला होता. आता त्याच्या उशाचा दगडही तिला हवा होता.

माझा नवरा शेम्सी उस्ता, अहलात गावचा पाथरवट. लग्न होऊन मी या घरात आले तेव्हा सासूनं तळ्याकाठच्या हवेलीकडे बोट दाखवून सांगितलं होतं, ती बघ तुझी सवत. तिच्याशी भांडू नकोस, हरशील. शेम्सीच्या बापानं तिची डागडुजी केली, आज्यानं केली, आणि पणजा तर ती बांधणाऱ्यांपैकीच एक. मी मात्र सासूचं ऐकलं नाही. आयुष्यभर भांडले आणि आयुष्यभर हरले.

खोटं कशाला बोलू, सवत देखणी होती. एक थर काळपट तपकिरी, एक थर लाल, असे दगड रचत नेलेले, आणि दोन दगडांच्या सांध्यात सुरीचं पातं जाणार नाही. तळ्याला आम्ही समुद्र म्हणतो. त्या समुद्राकडे तोंड करून मोठ्या खिडक्या, आणि सुफान डोंगराचं वारं येतं त्या बाजूला नुसत्या फटी. खिडकीच्या कोनाड्यात गादी टाकून माणूस झोपेल इतकी भिंत जाड. खाली घोडे आणि गवत, वर माणसं. घोड्यांची ऊब जमिनीतून वर यायची. एवढे दगड खाणीतून आणले ते हिवाळ्यात, बर्फावरून, बैलांच्या घसरगाड्यांवर, कारण उन्हाळ्यात त्या वजनानं गाड्यांचे आस मोडायचे. मोठ्या लढाईत शिपाई येऊन राहिले, शेकोटीसाठी त्यांनी जमिनीच्या फळ्या जाळल्या, दारं जाळली. भिंतींचा टवका उडाला नाही.

सगळ्यात देखणं तिचं समुद्राकडचं दार. पूर्वी पलीकडच्या काठावरच्या नावा थेट तिथे लागायच्या. पाहुणे, धान्य, सुना, सगळं त्या कमानीखालून आत आलं. कमानीच्या मधल्या दगडाला, जिथे दोन्ही बाजूंचा भार येऊन टेकतो, खालच्या अंगाला दोन कारागिरांच्या खुणा होत्या. एक पक्षी आणि एक डाळिंब. पक्षी शेम्सीच्या पणज्याचा. डाळिंब ज्याचं होतं त्याच्या वंशातलं, त्याच्या धर्मातलं त्या मोठ्या लढाईनंतर गावात कुणी उरलेलं नाही, आणि ते का उरलं नाही हे आमच्याकडे कुणी मोठ्यानं बोलत नाही. शेम्सी मात्र येता-जाता दोन्ही खुणांना बोट लावायचा. मी ते लांबूनच बघायचे. मी त्याचा डबा घेऊन मागच्या दारानं जायचे आणि मागच्या दारानंच यायचे.

पाऊस पडला की हा गडी आधी तिच्या मातीच्या छपरावर दगडी रूळ फिरवायला धावायचा. आमचं छप्पर इकडे पातेल्यात गळत असायचं. सगळ्या गावाला दगडी घरं बांधून देणाऱ्या माणसाचं स्वतःचं घर सिमेंटच्या ठोकळ्यांचं, आणि ते ठोकळेही कुणाच्या तरी कामावरून उरलेले.

म्हणून ज्या उन्हाळ्यात खाणीतला लाल थर संपला आणि त्यातला शेवटचा दगड घेऊन तो ट्रॅक्टरवरून घरी आला, त्या दिवशी माझा तोल सुटला. आमचा दगड खाणीतून निघताना ओला असतो, चीजसारखा कापला जातो. वारा लागला की कडक होत जातो. तो ओला लाल दगड बघून मी म्हटलं, हाही तिलाच का? माझ्या उंबऱ्याला एक तुकडा द्यावासा वाटला नाही कधी?

“तिला नाही,” तो खाली बघत म्हणाला. “माझ्या कबरीला ठेवलाय.”

यावर बायकोनं काय बोलायचं? त्यानं शेडचं दार लावून घेऊन दगड घडवला, नमद्यात गुंडाळला, भिंतीशी उभा केला. मी कधी दोरी सोडून पाहिलं नाही. आपल्याच नवऱ्याच्या कबरीचा दगड कोण उघडून बघतं?

गेल्या शरदात पलीकडच्या काठावर भूकंप झाला. हवेली उभीच राहिली, पण कमानीचा मधला दगड तडकला. शेम्सीनं खाली लाकडाचे टेकू दिले. तोवर दगडाच्या धुळीनं त्याची छाती भात्यासारखी वाजायला लागली होती. पहिल्या बर्फात तो गेला. आमच्याकडे कबरीवर लगेच दगड लावत नाहीत; हिवाळाभर माती बसू देतात. इकडे मुकद्देर हानमचा इझमीरचा पुतण्या फोन करकरून सांगत होता, उन्हाळा लागला की माणसं पाठवतो, कमान काढून लोखंडी तुळई टाकू आणि दार बुजवून टाकू. लाल दगड कुठे मिळेना. गावात एकच उरला होता, आणि तो माझ्या अंगणात होता.

हानम येऊन गेल्या त्याच्या दुसऱ्या दिवशी बेद्री आला. हा शेम्सीचा पुतण्या. त्याच्याच हाताखाली शिकलेला, आता स्वतः उस्ता, कानशिलं पांढरी झालेली. कबरीचा दगड कोरायला मीच त्याला बोलावलं होतं. त्यानं दोरी कापली, नमदा उलगडला, आणि छिन्नी हातात घेऊन नुसता उभा राहिला. मी विचारलं, काय रे, चीर आहे का? त्यानं नाही म्हणून मान हलवली. मग टेप काढून वरची रुंदी मोजली, खालची मोजली.

“काकी, हा कबरीचा दगड नाही.”

“म्हणजे?”

“वर रुंद आहे, खाली निमुळता. दोन्ही बाजूंनी सारखा उतार दिलाय. हा कमानीत मध्ये बसायचा दगड आहे. ओला असतानाच घडवलाय.”

मी दगडाजवळ गेले. माझ्यासारखीलाही दिसत होतं. भूकंपाच्या कितीतरी आधी त्याला त्या कमानीत केसाएवढी भेग दिसली असणार. आणि माझ्या तोंडाला लागायला नको म्हणून या माणसानं स्वतःचं मरण पुढे केलं होतं. मला इतका राग आला की हसू आलं. बेद्री घाबरून बघत राहिला.

“काकी, मी बाजू सरळ करून देतो,” तो हळूच म्हणाला. “जरा लहान होईल, पण कबरीला छान दिसेल. काकांनी काय ठरवलं होतं ते तुला आणि मला सोडून कुणाला कळणार नाही.”

खरंच कुणाला कळलं नसतं. मी डोक्यावरचा रुमाल आवळला आणि हवेलीकडे निघाले. मागच्या दारानं नाही, काठाकाठानं समुद्राकडून गेले. टेकूंवर तोललेली ती कमान खालून बघितली. तडकलेल्या दगडावर पक्षी होता, डाळिंब होतं, आणि शेम्सीच्या बोटांनी गुळगुळीत झालेला त्यांच्या मधला भाग होता. एवढ्या वर्षांत मी तिच्याकडे कधी धड मान वर करून पाहिलं नव्हतं. कसला नेम होता त्या माणसांचा! नुसते एकमेकांवर रेललेले दगड, आणि त्याखालून पिढ्या ये-जा करून गेल्या. तिथे लोखंडी तुळई कशी दिसेल ते माझ्या डोळ्यांपुढे आलं. सवत झाली म्हणून काय झालं, तिचे दात पडलेले मला बघवले नसते.

मुकद्देर हानम वरच्या खिडकीत होत्या. मी खालून सांगितलं, तुमच्या पुतण्याला कळवा, माणसं पाठवू नकोस म्हणावं, दगड मी देतेय. त्यांनी डोक्यावरच्या रुमालाचं टोक तोंडावर धरलं.

बेद्रीनं जुना दगड उतरवला, नवा चढवला. छिन्नीचा एक घावही घालावा लागला नाही. असा बसला, जणू माप घ्यायला तो दगडच गेला होता. चुना सुकला आणि टेकू काढायचा दिवस आला. आमच्याकडे रीत आहे, टेकू काढताना ज्यानं कमान केली तो उस्ता स्वतः खाली उभा राहतो. काम चोख असेल तर जगतो, नसेल तर दुसऱ्याचा जीव तरी जात नाही. बेद्री पुढे झाला. मी त्याला अडवलं.

“दगड कुणी घडवला?”

“काकांनी.”

“मग त्यांच्या घरचं माणूस उभं राहील. तू टेकू काढ.”

त्यानं खूप समजावलं, हानमनी वरून ओरडून पाहिलं. मी जाऊन उभी राहिले. भ्याले नाही असं म्हणणार नाही. ओठांवर कलमा होता. पहिला टेकू निघाला, दुसरा निघाला. चुन्याची भुकटी रुमालावर पडली. म्हातारं माणूस खाली बसताना कण्हतं तसा एक बारीक आवाज वरून आला आणि थांबला. मी वर बघितलं. लाल दगड जागच्या जागी होता. माझ्या पाठीमागे समुद्र होता आणि पुढे हवेलीचं अंगण. लग्न होऊन आल्यापासून पहिल्यांदा मी त्या दारानं आत गेले.

आत चहा झाला. अंगणात जुन्या दगडाचे दोन तुकडे पडले होते. हानम म्हणाल्या, हे बांधाला टाकू का? मी म्हटलं, खुणांचा तुकडा मला द्या.

तो आम्ही शेम्सीच्या उशाशी उभा केला. बेद्रीनं छिन्नी काढली आणि विचारलं, नाव कुठे कोरू? मी म्हटलं, नको कोरू, पक्षी आहे ना, पुरे.

“आणि हे डाळिंब? ते घासून टाकू?”

“राहू दे. त्याला या गावात दुसरा दगड कुठे आहे?”

बेद्री हत्यारं पिशवीत भरून खाली उतरला. मी हात उघडले आणि दोघांसाठी फातिहा म्हटला. कबरस्तानातून हवेली समोर दिसते. कमानीतला नवा दगड अजून बाकीच्यांपेक्षा लाल आहे, लांबूनही ओळखू येतो. मी माती लागलेले हात झग्याला पुसले आणि सवतीकडे बघत थोडा वेळ तिथेच बसले.