भाऊजी बार शोधतात

माझा धंदा काचेच्या ग्लासांचा. शहरातल्या बऱ्याच बारना मीच ग्लास पुरवतो, त्यातही लपलेल्या बारना जास्त. पाटी नाही, जाहिरात नाही, बाहेरून न्हाव्याचं नाहीतर घड्याळजीचं दुकान आणि आत कॉकटेलचा बार, अशी ठिकाणं आमच्याकडे गल्लीबोळांत दडलेली आहेत. मी खोकी घेऊन मागच्या दाराने जातो, त्यामुळे ती मला पाठ आहेत. तरी गिऱ्हाईक होऊन समोरून शिरायची मजा निराळी. एवढी हौस, एवढी कारागिरी, आणि तीही कोणाला दिसू नये म्हणून, याचं मला अजून अप्रूप वाटतं. घरात मात्र हे बोलायची सोय नव्हती, कारण घरात भाऊजी होते.

भाऊजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. औषधांच्या दुकानात त्यांचा जन्म गेला. इतका काटेकोर माणूस की जेवायला बसले तरी ताटातल्या वाट्या आधी सरळ करणार. माझ्या भाचीने, म्हणजे त्यांच्या एकुलत्या एक लेकीने, औषधशास्त्राची पदवी घेतली, काही वर्षं बापाशेजारी दुकानात उभी राहिली आणि एक दिवस म्हणाली, मला बार काढायचाय. भाऊजी म्हणाले, "तुझ्या बारची पायरी मी चढणार नाही." ती तरी कोणाची लेक? म्हणाली, "पायरी तुम्हाला दिसणारही नाही." तेव्हापासून दोघांचा अबोला. माझी बहीण निरोप पोचवून पोचवून जेरीस आली.

मग एका दुपारी भाऊजी माझ्या गोदामात येऊन खोक्यावर बसले. त्यावर 'नाजूक माल' असं लिहिलं होतं, पण त्यांना उठवायची माझी छाती झाली नाही.

"दुकान बंद करतोय," ते म्हणाले. "गुडघे ऐकत नाहीत आता. पोरीला भेटायचंय. तिचा बार कुठे आहे?"

भाचीने मला शपथ घातली होती. मी तिचे शब्द जसेच्या तसे सांगितले: बाबांना आणायचं नाही, पत्ताही द्यायचा नाही, ते स्वतः शोधत आले तरच मी समजेन की त्यांना मनापासून यायचंय.

भाऊजींनी बराच वेळ चष्मा पुसला. "बरोबर आहे तिचं," ते म्हणाले. "पण बार कसे असतात हेच मला माहीत नाही. दुसऱ्यांचे तरी दाखवशील?"

दुसऱ्यांचे दाखवायला शपथ आड येत नव्हती. दुसऱ्या दिवसापासून आम्ही दिवेलागणीला निघायला लागलो.

पहिला बार न्हाव्याच्या दुकानामागे. भाऊजी खुर्चीत बसले आणि समोरचा आरसाच दारासारखा उघडला. ते इतके दचकले की न्हाव्याने पाणी आणून दिलं. आत मंद दिवे, गुळगुळीत लाकडी काउंटर, मागे छतापर्यंत बाटल्या. भाऊजींनी लिंबू-सोडा मागवला आणि नाक मुरडून बसले. पण बारवाला एक-एक अर्क मापात घेऊन शेकरमध्ये ओतायला लागला तशा त्यांच्या कपाळावरच्या आठ्या विरघळल्या.

"मापाने ओततोय रे हा," ते माझ्या कानात म्हणाले.

"मग काय, ओंजळीने ओतेल?"

"मला वाटायचं, अंदाजपंचे चालतं सगळं." मग बाहेर पडेपर्यंत त्यांनी त्या माणसाच्या हातांवरून नजर काढली नाही.

पुढचा बार कपडे धुण्याच्या दुकानात, टांगलेल्या कोटांच्या रांगेमागे. तिथला बारवाला बर्फाची लादी सुरीने तासून काचेसारखे स्वच्छ तुकडे काढत होता. तिसरा पुस्तकं बांधणाऱ्याच्या तळघरात, तिथे संत्र्याची साल पेटवून तिचा नुसता वास ग्लासावर धरत. भाऊजी आता प्रश्न विचारायला लागले. हे किती दिवस मुरवलं? गाळलं कशातून? अंधाऱ्या बाटलीत का? उत्तरं ऐकून मान डोलवत. एका संध्याकाळी तर मी थकलोय म्हटल्यावर मलाच धारेवर धरलं. मेहुणा बिघडवतो म्हणतात, इथे मीच बिघडायला कमी पडत होतो. गंमत होती खरी, पण घरी परतताना ते दर वेळी दिसेल त्या बंद दाराशी रेंगाळत, आणि मला त्यांची दया येई. एवढे बार पाहिले, लेकीच्या बारचा मागमूस नव्हता.

मग आम्ही घड्याळजीच्या दुकानामागच्या बारमध्ये गेलो. काउंटरवर एक मुलगी होती. तिने बाटली उचलताना तिच्यावरची चिठ्ठी वाचली. ओतण्याआधी पुन्हा वाचली. जागेवर ठेवताना तिसऱ्यांदा वाचली. प्रत्येक बाटलीला तेच.

भाऊजींचा सोडा हातातच राहिला. "हे कोणी शिकवलं तुला?"

"ताईंनी," मुलगी म्हणाली. "न वाचता ओतलं तर ताई ग्लास ओतून द्यायला लावायच्या. शहरातले कितीतरी बारवाले त्यांच्या हाताखाली तयार झालेत, काका. त्यांना त्यांच्या वडिलांनी शिकवलंय म्हणे."

भाऊजींनी सोडा काउंटरवर ठेवला. मी दुसरीकडे पाहिलं, कारण त्यांचा चेहरा पाहवत नव्हता. ते सुखावले होते आणि कळवळलेही होते.

"कुठे असतात तुमच्या ताई?" त्यांनी विचारलं.

"दुसऱ्याच्या बारचा पत्ता आम्ही सांगत नाही. दुकान कसलं ते सांगते. औषधांचं."

बाहेर आल्यावर भाऊजी झपाझप चालायला लागले. गुडघे कुठे गेले कोण जाणे. शहरातली झाडून सगळी औषधांची दुकानं त्यांना ठाऊक. जे ठाऊक नसेल ते तिचं, असा त्यांचा सरळ हिशोब. पुढचे कितीतरी दिवस त्यांनी पेठा पालथ्या घातल्या. मी मूग गिळून मागे. शेवटी एका अरुंद रस्त्यावर ते थबकले आणि समोरच्या काचेकडे बोट दाखवलं.

"फ्रिज कुठाय? इन्सुलिन कुठे ठेवतात हे लोक?" मग आवाज खाली आला. "हेच ना रे?"

मी शपथेला जागून आकाशाकडे पाहिलं.

आत माणूस नव्हतं. एक काउंटर, त्यावर गिऱ्हाइकांनी वाजवायची घंटी, आणि भिंतभर फळ्यांवर औषधांच्या बाटल्या. घंटी वाजवली की आतून कोणीतरी दार उघडतं, हे मला माहीत होतं. भाऊजींचा हात घंटीपर्यंत गेला आणि मागे आला.

"आणि ती म्हणाली, परत जा, तर?"

भाऊजी तोंड फिरवून फळ्यांकडे पाहत उभे राहिले. बघता बघता त्यांचा चेहरा बदलला.

"काय गाढवपणा आहे हा," ते ओरडलेच. "खोकल्याच्या औषधांत जखमेवर लावायचं औषध? हे वेगळ्या फळीवर ठेवतात. चुकून कोणाच्या पोटात गेलं म्हणजे?"

त्यांनी लाल चिठ्ठीची ती बाटली रांगेतून उचलली. खालच्या फळीवर वरून लावायच्या औषधांत एक जागा मोकळी होती, तिथे नेऊन ठेवली. कुठेतरी खट् झालं आणि अख्खी भिंत बाजूला सरकली.

आत भाची उभी होती, ओल्या हातांनी. बापाला पाहून ती जागची हलली नाही. मीच चक्रावून विचारलं, "अगं, दार तर घंटीने उघडतं ना?"

"गिऱ्हाइकांसाठी घंटी," ती म्हणाली. "हे बाबांसाठी आहे."

"कधी केलंस?"

"बार उघडला त्या दिवशी. इतक्या लोकांनी ती बाटली पाहिली, मामा, कोणालाच खुपली नाही. रोज आल्यावर आधी तीच बघते, जागेवरून हललीय का."

भाऊजींनी काउंटरला धरलं. या माणसाला मी कधी रडताना पाहिलं नव्हतं. ते रडत रडतच म्हणाले, "पोटात घ्यायच्या औषधांत असं काही ठेवू नये, बाळा."

"पाणीच आहे त्यात, बाबा," भाची म्हणाली आणि बाहेर येऊन त्यांचा हात धरून त्यांना आत घेऊन गेली.