टवका उडालेला वाडगा

कोरियातल्या तोंग्यॉन्गच्या बाजारात सुकी मासळी विकणाऱ्या सुन-रेला लेकीचं कौतुक मिरवायची भारी हौस. दा-ऊन सोलला नोकरीला. तिने फोटो टाकला, की ही आधी लाल बदाम ठोकणार आणि मग फोन घेऊन गाळ्यागाळ्याने हिंडणार.

"दा-ऊनची आई, पोरीचं मिरवायचं तर कॉफी पाज," शेजारची पिल-सुन म्हणायची. रिवाजच होता तो. सुन-रे खुशीत पाजायची.

आज दा-ऊनचा वाढदिवस. सकाळीच फोटो आला: वाढदिवसाला करतातच ते समुद्री शेवाळाचं सूप, खाली 'स्वतः केलं'. सुन-रेने सवयीने बदाम ठोकला. मग नजर वाडग्याच्या कडेला गेली. टवका उडालेला. अगं बाई, हा वाडगा तर आत्ता इथे घरच्या मोरीत खरकटा पडला होता. फोटो गेल्या वर्षीचा, दा-ऊन घरी आली होती तेव्हाचा.

तिने लगेच फोन लावला, उचलला नाही. परत लावला, तेच. पोरीचा आवाज शेवटचा कधी ऐकला, तेही आठवेना. जळली मेली ती चित्रं, रोज बघायची आणि पोर बरी आहे म्हणून निवांत झोपायचं.

तिने सोलची बस पकडली. पोहोचेपर्यंत जीव टांगणीला. नको नको ते मनात येत होतं. दा-ऊनच्या दाराबाहेर तिनेच पाठवलेली खोकी बंदच पडलेली दिसली. कुलपाचे आकडे दाबताना बोटं चुकली. पुन्हा दाबले.

पडदे ओढलेले. दा-ऊन अंथरुणात, हातात फोन, लोकांचे हसरे चेहरे वर सरकवत होती. जिवंत होती. सुन-रे तिच्या अंथरुणाशी जाऊन बसली.

"नोकरी कधीच सुटली, आई. अंथरुणातून उठवतच नाही. सगळे बघ कसे मजेत आहेत. मीच अशी."

"मग फोटो कशाला टाकायचीस गं?"

"तुझा बदाम लगेच यायचा. एवढी खूश व्हायचीस तू. मग थांबवताच येईना."

सुन-रेला रडू आवरेना. तेवढ्यात पिल-सुनचा मेसेज आला: 'आज वाढदिवस ना? फोटो दाखव, कॉफी पाज.'

सुन-रेने डोळे पुसले आणि लिहिलं: 'फोटो खोटा होता. पोर मनाने आजारी आहे. मी सोललाच राहतेय, माझा गाळा बघ.'

"आई, आता सगळ्या बाजारात बोभाटा होईल."

"होऊ दे," म्हणत सुन-रेने बाहेरचं खोकं आत ओढलं. सुपासाठी पाठवलेलं शेवाळ त्यातच होतं.