अजून हाय

आबांनी माझ्या हातातला ग्लास काढून घेतला आणि आईपुढं धरला.

"तू घे."

"आवं, त्या बागंपायी इतकी वर्सं जीव खाल्लासा माजा. आता दारूबी पाजताय व्हय?"

करोनात आबांची वासाची जाणीव गेली, ती परत आलीच नाही. जिभेला आंबट, गोड, तुरट कळतं. बाकीचा स्वाद नाकामुळं लागतो. मायक्रोबायॉलॉजी शिकल्यामुळं हे मीच त्यांना समजावलं होतं. वाईन छान मुरलीय, असंही मी सांगून पाहिलं.

"तू आमचं मन राखतीस, प्रांजल," ते म्हणाले. "तुजी आई न्हाई राखायची."

बाटली दहा वर्षांपूर्वीची. आमच्या माळावरची द्राक्षं वेगळी ठेवून पलूसकडच्या एका वायनरीनं तेवढं एकच पिंप भरलं होतं. पुढं वायनरी बंद पडली. गावानं वाईनच्या वेली उपटून खायची द्राक्षं लावली. आबांनी मात्र सहा ओळी राखल्या. उद्या पाइपलाइनीसाठी चर मारायला जेसीबी येणार होता. वाईन आंबली असेल तर त्याही काढायच्या, असं त्यांनी सकाळीच ठरवलं होतं.

आईनं काढा घ्यावा तसा घोट घेतला. तोंड वाकडं केलं.

"आंबलीय?"

"न्हाई. तुरट हाय, कच्च्या जांभळावानी." ती थांबली. "मग पिकल्यावानी. आन् मागनं उन्हात टाकलेल्या घोंगड्यावानी कायतरी."

"बरी हाय का?"

"ह्याला कोण बरं म्हणंल? त्यापरीस कोकम सरबत बरं."

ती बाहेर गेली. चूळ भरल्याचा आवाज आला. परत आली ती कुरकुरतच.

"जाईना की वो. तोंडातच बसलीय."

आबा सावरून बसले. मुरलेली वाईन गिळल्यावरही तोंडात रेंगाळते, हे आम्हा दोघांना ठाऊक होतं. आईला नव्हतं.

"आत्ता?" जरा वेळानं आबांनी विचारलं.

"गूळ खाल्ला. तरी हायच."

आबांनी जेसीबीवाल्याला फोन लावला. "पप्पू, उद्या पाइपाची चर तेवढी मार. द्राक्षाकडं जाऊ नगंस. व्हय, ऱ्हाऊ दे त्या."

आई शेरडांना पाला टाकायला गेली. आबांनी ग्लास नाकाशी नेला, डोळे मिटले आणि बराच वेळ तसाच धरून ठेवला. मग दाराकडं वळून हाक मारली.

"काय गं, अजून?"

"हाय," गोठ्यातून आई म्हणाली.