पेशंटच्या वाट्याचे लाडू

दोन वर्षं आमच्या ह्याईचं एकच पालुपद, "बायकोची किडनी घेऊन जगू काय? लोक काय म्हणतीन?" आठवड्यातून दोनदा जऊळक्याहून वाशिमले जायचं, चार तास डायलिसिसच्या मशीनवर पडायचं, पिळलेल्या फडक्यावानी घरी यायचं. तरी बबनरावाचा ताठा जाये ना. सांगून सांगून मी थकली. यंदा पोळ्यानंतर चक्कर येऊन पडले, तवा कुठं म्हणाले, "जाय व, कर तपासणी."

आता या दोन वर्षांत मी काय केलं ते ऐका. बिमार माणसाले भेटायले आमच्याकडं कोणी खाली हातानं येत नाही. नणंद केशरबाई डबाभर बुंदीचे लाडू आणे, कोणी केळं, कोणी शेवचिवडा. ह्याईले त्यातलं काहीच चालत नाही, पाणीबी मोजून. मंग टाकू काय? अन्न टाकलं त पाप लागते. समोर खाल्लं त त्याईचा जीव तुटे, म्हणून चुलीपाशी उभ्याउभ्यानं खाल्लं. त्याईच्या ताटात उरलं, तेबी मीच संपवलं. वरून वाटे, किडनी द्याची हाये, अंगात ताकद पाहिजे! हातपाय काड्यावानीच राह्यले, पोट तेवढं सुटलं. बाया म्हणत, "पंचफुले, खाल्लेलं अंगी लागून राह्यलं व!" मीबी हासो.

अकोल्याच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाईनं रक्त, लघवी, सारं पाह्यलं. मंग शिंप्यासारखी टेप घेऊन कंबर मोजली.

मी म्हणलं, "बाई, वजन त माहं ठीकच हाये."

"वजन ठीक आहे, पण चरबी सगळी पोटात साठली आहे. तिचाच भार किडनीवर पडतो. बीपी वाढलाय, लघवीतून प्रोटीन जातंय. मावशी, तुमचीच किडनी थकायला लागली आहे. ती दुसऱ्याला देता येणार नाही."

"आजपासून कमी खाल्लं त? देवाच्यान, कमीच खातो."

"स्वतःसाठी कमी करा, म्हणजे तुमची सांभाळता येईल. पण द्यायचं आता विसरा. दोन वर्षांपूर्वी आला असतात, तर बहुतेक जमलं असतं."

घ्या! करायले गेली गणपती अन् झाला मारुती. मले रडू बी येईना, निस्ता संताप आला. माह्या जिभेचा, केशरबाईच्या लाडवाचा, ह्याईच्या ताठ्याचा. गाडीत बसल्या बसल्या ठरवलं, घरी जाऊन तोंडावर सांगाचं, तुमी नाही नाही म्हणत राह्यले म्हणून हे झालं.

घरी आली त हे ओट्यावर वाट पाहून राह्यले होते. "काहून व, एवढा उशीर? काय म्हणे डॉक्टर?"

सुयांनी गाठी आलेल्या हातानं त्याईनं माही पिशवी घेतली. माह्या तोंडातलं तोंडातच राह्यलं.

"आपलं रक्तच जुळत नाही म्हणे," मी म्हणलं.

ह्याईनं मंग हळूच इचारलं, "म्हंजे दोन वर्षांपयले बी जुळलं नसतं?"

"नसतंच."

"खरं सांगून राह्यली?"

"तुमची आन."

त्याईनं मोठा उसासा सोडला. "मंग बरं झालं. मशीनवर पडल्या पडल्या मले हेच खाये, का माह्याच अकडीपायी सारं गेलं." अन् भिताडाले डोकं टेकून थोड्या वेळानं घोरू लागले. एवढी गाढ झोप मी दोन वर्षांत पाह्यली नव्हती. मी त्याईच्याच जिवाची खोटी आन घेतली होती. त्याईच्या छातीवर हात ठेवून, श्वास चालू हाये का नाही, ते पाहत बसली.