लीलाबाईंची धून

मी संगणकातली एक मिडी फाईल बोलतेय. माझ्यात आवाज नसतो. कोणता सूर कधी दाबला आणि कधी सोडला, एवढीच नोंद. पण ती मी इमानदारीनं ठेवते.

माझा जन्म पलूसचा. सैन्याच्या बँडमध्ये वीस वर्षं क्लॅरिनेट वाजवलेल्या गुंडाबापूंनी मला कीबोर्डवर वाजवलं. आता त्यांच्या हातांना कंप सुटलाय, क्लॅरिनेट बोटांत टिकत नाही. त्यांनी रचलेली धून एकच. ती कागदावर उतरली नाही, तर त्यांच्याबरोबरच जाणार होती.

त्यांची नात राजेश्वरी वाईच्या एका मुलींच्या शाळेत संगीत शिकवते. शाळेच्या बँडसाठी तिनं मला सूर कागदावर लिहून देणाऱ्या नोटेशनच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडलं आणि मला माझीच लाज वाटली. प्रत्येक सुराचे तुकडे, मध्ये बारीक बारीक विराम, पानाला नुसत्या मुंग्या लागलेल्या! बापूंची थरथर मीच लिहून ठेवली होती ना.

राजेश्वरीनं सगळं निवडून एक बटण दाबलं. सूर ठोक्यावर ताठ उभे राहिले. मी जरा चढूनच गेले.

रविवारी पलूसला बापूंनी मला ऐकलं आणि मान हलवली.

"आवं बापू, आता एक बी चूक न्हाई," राजेश्वरी म्हणाली.

"व्हय. पर दर दुसऱ्या ठोक्याला मी जरा थांबतोय, ते कुठं गेलं?"

"ते कंपामुळं न्हवं?"

"कंप न्हाई त्यो. तुजी आजी हाय."

लीलाबाईंचा डावा पाय लहानपणापासून अधू. रजेवर आले की बापू त्यांच्यासोबत उसाच्या बांधावरून चालायचे. पलटणीत कदम मोजायची सवय. बायकोच्या डाव्या पावलासाठी ते थांबायचे. ही धून तिथलीच.

लीलाबाई स्वयंपाकघरातून बाहेर आल्या. "पन्नास वर्सांत मला कवा सांगितलं न्हाई!"

"तू कवा इचारलंस?"

नशीब, माझी जुनी प्रत राजेश्वरीनं पुसली नव्हती. ती एकेक विराम वाजवून दाखवू लागली.

"ह्यो कंप, काढ," बापू सांगत. "ही आजी, ऱ्हाऊ दे."

दुपार अशीच गेली. माझ्या अंगावरच्या मुंग्या एकेक करून उतरल्या. शेवटच्या ओळीत एक लांबलचक विराम आला.

"कंप. काढ."

"काढू नगं," लीलाबाई म्हणाल्या. "तितं मी दमले हुते."

बापू हसले आणि त्यांनी डोळे पुसले.

आता माझे छापील कागद वाईच्या मुलींच्या हातात आहेत. मुलींनो, शेवटच्या ओळीत घाई करू नका गं. जरा थांबा, आजी येतायत.