वीतभर वाढवलेली गादी

मी एक गादी आहे आणि इतर गाद्यांपेक्षा वीतभर लांब आहे. दुकानात माझ्या मापाची गादी मिळणार नाही. जन्मले तेव्हा मीही चारचौघींसारखीच होते.

तोमिएचं लग्न ठरलं तेव्हा तिच्या आईनं योनागो गावाजवळच्या रेताड किनाऱ्यावर पिकलेला कापूस आणला आणि दोन गाद्या भरून घेतल्या. निळ्या अभ्र्यावर पांढरे करकोचे होते. एक गादी तोमिएची, दुसरी तिच्या नवऱ्याची, योशिहारुची. दुसरी म्हणजे मी. आम्ही दोघी बहिणी जपानातल्या तोत्तोरीच्या या घरात शेजारी शेजारी अंथरल्या जायचो आणि सकाळी घडी होऊन भिंतीतल्या कपाटात एकीवर एक बसायचो.

योशिहारु पोस्टात होता. चोवीस वर्षं तो माझ्यावर झोपला. तो गेल्यावर तोमिएनं मला कपाटात ठेवलं. वर्षातून दोनदा ती मला उन्हात घालायची, पण अंथरायची कुणासाठीच नाही. अशी अकरा वर्षं गेली.

मग अँगस आला. ऑस्ट्रेलियातला, पोर्ट ऑगस्टाच्या पलीकडच्या मेंढपाळ घरातला, सहा फूट पाच इंच उंच. वाळूत ओल कशी टिकते याचा अभ्यास करायला तो इथल्या विद्यापीठात आला होता. तोमिएनं वरची खोली त्याला भाड्यानं दिली आणि एक नवी फोमची गादी आणून टाकली. पहिल्याच दिवशी दाराच्या चौकटीवर त्याचं कपाळ आपटलं आणि तो चौकटीलाच "माफ करा" म्हणाला. तोमिए तोंडावर हात धरून हसली.

फेब्रुवारीत बर्फ आलं आणि अँगस तापानं आडवा झाला. इथलं ओलं गारठणं त्याला ठाऊकच नव्हतं. त्याचे पाय गादीबाहेर, उघड्या तातामीच्या चटईवर. पेजेची वाटी घेऊन तोमिए वर गेली तेव्हा तो म्हणाला, "तोमिए-सान, मार्चमध्ये मी घरी जातो. परत नाही येणार. मला इथे जमत नाही."

"अभ्यास जमत नाही की थंडी?"

"दोन्ही. आणि बोलायला पण कुणी नाही."

तोमिए वाटी ठेवून उठली. खाली आली, कपाट उघडलं आणि मला बाहेर काढलं. वर नेऊन माझ्यावर त्याला निजवलं. तरी त्याचे पाय माझ्याबाहेर वीतभर राहिलेच.

दुसऱ्या दिवशी तिनं पिंजारी इकुताला बोलावलं. त्यानं मला दाबून पाहिलं आणि म्हणाला, "वाढवता येईल. पण जुन्या कापसाला नवा धरत नाही, गोळे होतात. याच्याच जोडीचा आहे का कुठे?"

"आहे," तोमिए म्हणाली, आणि माझ्या बहिणीला समोर ठेवलं.

ही बातमी योशिहारुच्या थोरल्या बहिणीला, मित्सुएला लागली. ती छत्री न मिटताच दारात उभी राहिली.

"माझ्या भावाची गादी तू परक्याला दिलीस? आणि वर उसवणार?"

"ताई, योशिहारुचे पाय आता गारठत नाहीत. या पोराचे गारठतात. आधी आत या, चहा घ्या."

मित्सुए आत आली नाही. पुढे कित्येक महिने ती या घराची पायरी चढली नाही.

इकुतानं आम्हा दोघींना उसवलं, पिंजलं आणि एका लांब अभ्र्यात जाडसर भरलं. तेव्हापासून माझी बहीण माझ्या आत आहे. कुठे मी संपते आणि कुठे ती सुरू होते, ते मलाही सांगता येत नाही.

मार्च आला तसा गेला. अँगस घरी गेला नाही. पण त्या शहाण्यानं मला एकदा अंथरलं ते उचललंच नाही. जूनच्या पावसाळी हवेत माझ्या पोटाला काळी बुरशी आली. तोमिएनं माझा कोपरा उचलून पाहिला.

"अँगस-सान, तुमच्याकडे गाद्या दिवसापण झोपतात का हो?"

तो लाजून लाल झाला. मला खांद्यावर टाकून वरच्या कठड्याशी आला, मला वाळत घातलं आणि खाली अंगणात पाहिलं. तिथे दोरीवर त्याची ती फोमची गादी वाळत होती.

"ती कोण वापरतं?"

"मी."

"तुमची गादी कुठे गेली?"

तोमिएनं वर बोट दाखवलं. "तुझ्या हाताखाली आहे ती. माझं वजन चिमणीएवढं, मला फोम पुरतो."

अँगसचा हात माझ्यावरच राहिला. 

त्यानंतर तो रोज सकाळी मला झटकायचा, घडी करायचा. आमच्याकडे ऊन सांगून येत नाही, आलं तर टिकत नाही. ज्या मुलखात ऊन नको नको होतं तिथला हा मुलगा आता रेडिओवरचं हवामान कान देऊन ऐकायला लागला.

नोव्हेंबरात एकदा मी कठड्यावर होते, तोमिए दवाखान्यात गेली होती आणि समुद्राकडून ढग आले. पहिले थेंब पडतात तोच जिना धडधडला. अँगस वाळूच्या टेकड्यांवरचं मोजमाप अर्धं टाकून सायकल हाणत आला होता. मला आत ओढून घेतलं आणि माझ्यावरच धापा टाकत बसला. संध्याकाळी त्यानं तोमिएला सांगितलं, "प्राध्यापक नागामींनी विचारलं, मध्येच कुठे गेला होतास? म्हटलं, गादी बाहेर होती."

"मग? ओरडले?"

"नाही. म्हणाले, भिजली नाही ना?"

तोमिए हसता हसता रडायलाच लागली. दुसऱ्या दिवशी तिनं ही गोष्ट मित्सुएला फोनवर सांगितली. त्या रविवारी मित्सुए पेरूसारख्या गोड पर्सिमन फळांची पिशवी घेऊन आली, वर जाऊन माझी शिवण चाचपली आणि म्हणाली, "इकुतानं टाके बरे घातलेत."

तीन वर्षांनी पदवी घेऊन अँगस निघाला. मला नेऊ का, असं त्यानं विचारलं.

"नको. तिकडे ऊन रोजचंच. गादीची कदर राहायची नाही तुला," तोमिए म्हणाली. त्यानं मला शेवटची घडी घातली, चारही कोपरे जुळवून.

त्या दिवसापासून तोमिए माझ्यावर झोपते. आता ती शहाऐंशीची आहे. मार्चअखेर ती वृद्धाश्रमात जायची होती, तिथे लोखंडी खाटा आहेत. घर पाडणार आहेत. माझं काय होणार हे मला कळतं. कचऱ्याच्या गाडीत माझ्यासारख्या पुष्कळ जणी जाताना मी पाहिल्यात.

पण गेल्या आठवड्यात अँगसचा फोन आला. तो आता तिकडे प्राध्यापक आहे. "एप्रिलच्या पाच तारखेला सहा विद्यार्थी घेऊन येतोय, तोमिए-सान. ती पोरं हॉटेलात राहतील. मी..."

"तू कुठे राहायचं ते विचारतोस होय? वेडा कुठला."

फोन ठेवला आणि तिनं लगेच आश्रमात लावला. "मी एप्रिलअखेर येईन. घरी पाहुणा यायचाय," एवढंच म्हणाली.

मला उचलणं आता तिला झेपत नाही. आज ऊन पडलं म्हणून शेजारच्या बाईंना हाक मारून तिनं मला व्हरांड्यात आणलं. जवळ बसून ती हातानं माझी धूळ झटकते आहे, थांबते आहे, पुन्हा झटकते आहे. एप्रिलनंतरचं मी काही मागत नाही. आजचं हे ऊन मात्र संध्याकाळपर्यंत टिकू दे.