घोटभर पाणी

खिचडीचं ताट पुढ्यात आलं आणि चार वर्षांची भक्ती डोळे फिरवून बाजूला कलंडली. हातपाय झटके देऊ लागले. कासाबाईनं पळी खाली ठेवली, ताट सरकवलं, पोरीला कुशीवर वळवलं, डोक्याखाली सतरंजीची घडी सारली आणि सेविकेला म्हणाली, "राजेश्रीताई, घड्याळ बघा."

बाकीची पोरं घास हातात धरून बघत राहिली. "खावा रे तुमी," कासाबाई म्हणाली.

बावीस वर्षं ती या अंगणवाडीची मदतनीस होती. झाडू, चूल आणि पोरांची नाकं, यातच आयुष्य गेलं. फिटवाल्या पोरीला घरीच ठेवा, असं दोन-तीन आयांचं म्हणणं होतं. 'मी सांभाळते' म्हणून हिनंच तिला ठेवून घेतलं होतं.

गावात कुणाला फिट आली की अर्धं गाव डॉक्टर होतं. भक्तीचे आजोबा माणिकराव शेजारून धावत आले, ते एका हातात चप्पल आणि दुसऱ्या हातात तांब्या घेऊन.

"नाकाला लाव ही! अन् पानी पाज आदी!"

"आबा, तोंडाजवळ कायबी न्यायचं न्हाई."

"अगं, पोरगी जायलीय माझी! दोन घोट तरी..."

कासाबाईनं तांब्या त्यांच्या हातातून काढून घेतला आणि लांब भिंतीशी ठेवला. "एक थेंब न्हाई."

"तुला काळीज हाय का न्हाई गं?"

कासाबाईचा लेक भागवत गेला तेव्हा ती ऊर बडवून रडली होती. पाच वर्षांचा होता. असेच झटके आले होते आणि हिनंच त्याचं डोकं मांडीवर घेऊन, 'पी रे माझ्या राजा' म्हणत तोंडात पाणी ओतलं होतं. पोर फेफऱ्यानं गेलं, असं सगळ्या गावानं ठरवलं. तिनंही तेच मानलं.

मग गेल्या साली पालमला प्रशिक्षण झालं. झटके चालू असताना तोंडात पाणी घालू नका, ते श्वासात जाऊन जीव जाऊ शकतो, असं नर्सबाईंनी सांगितलं. बाकीच्या बायांनी वहीत लिहून घेतलं. कासाबाईनं मिळालेले पोहे खाल्ले, ताटली विसळून ठेवली आणि एसटीनं घरी आली. कुणाला सांगितलं नाही. त्या दिवसापासून तिला रडूच येत नाही.

"चार मिन्टं," राजेश्रीताई म्हणाली. "पाच झाली की गाडी बोलावते."

गाडीची वेळ आली नाही. झटके मंदावले, अंग सैल पडलं. बऱ्याच वेळानं भक्तीनं डोळे उघडले. माणिकराव अजून चप्पल हातातच धरून बसले होते.

"पानी," भक्ती पुटपुटली.

माणिकराव तांब्याकडे झेपावले.

"थांबा आबा." कासाबाईनं पोरीला भिंतीला टेकवून बसवलं. "नाव काय तुजं?"

"भक्ती."

"मी कोन?"

"कासामाय."

तेव्हा कुठं तिनं पेल्यात घोटभर पाणी ओतून ओठांना लावलं.

"गिळलं?"

भक्तीनं मान हलवली. तरी कासाबाई तिच्या गळ्याकडे बघत राहिली.

"तोंड उघड, बघू."

तोंड रिकामं होतं. मग तिनं दुसरा घोट ओतला.